कॅनमध्ये फॉल्ट आहे

१ एप्रिल २०२० रोजी देशभरात भारत स्टेज सहा ही वाहनांच्या धुराची मानके लागू झाली. पाचवा टप्पा वगळून चौथ्यावरून थेट सहाव्यावर जाण्याचा तो निर्णय होता. एवढे कोणालाही पडताळून पाहता येईल. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या छिंदवाडा रोडवर टिनाच्या छताखाली बसलेल्या सुखदेव सोमकुंवर या ऑटो इलेक्ट्रिशियनपर्यंत हा निर्णय नेमका केव्हा पोहोचला, हे मात्र सांगता येत नाही. त्या एप्रिलमध्ये रस्ते टाळेबंदीमुळे ओस होते आणि दुकानाचे शटर खाली होते. नव्या मानकांची पहिली गाडी त्यांच्या दारात बरीच नंतर आली. तिचे बॉनेट उघडून ते थोडा वेळ नुसते पाहत राहिले आणि मग ते पुन्हा लावून त्यांनी गाडी नागपूरला न्यायला सांगितली. त्यांच्या पत्नी मंगलाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी ते दुपारीच घरी आले होते. खुद्द सुखदेव मिस्त्रींना तसे काही आठवत नाही.

ते मूळचे मोहगावचे. आईबाप कापसाच्या वेचणीला जात. मुलाने शेतात राबू नये एवढाच बापाचा आग्रह होता, पुढचे काही ठरलेले नव्हते. पांढुर्ण्याला केशवराव नावाच्या गृहस्थांचे बॅटरीचे दुकान होते. तिथे सुखदेव डायनामोची वाइंडिंग भरायला शिकले, मग सेल्फ-स्टार्टर, मग सगळी वायरिंग. त्या काळी ट्रकचा कायदा सोपा होता. एक तार, एक काम. हॉर्नची तार हॉर्नला जायची, मागच्या दिव्याची मागच्या दिव्याला. टेस्ट लॅम्पचे टोक लावले की बल्ब पेटायचा किंवा नाही पेटायचा, आणि त्यावर पुढचे सारे ठरायचे. सुखदेव मिस्त्रींच्या हातची वायरिंग ओळखू यायची. तारा एकमेकींना समांतर, सरळ, जागोजागी बांधलेल्या. गुंता त्यांना सहन व्हायचा नाही.

नव्या गाड्यांत हा कायदाच उरला नाही. इंजिनाचा संगणक वेगळा, ब्रेकचा वेगळा, धुराचा वेगळा, आणि हे सगळे त्याच दोन तारांवरून आपसात बोलतात. त्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात, कारण पिळामुळे बाहेरच्या विजेची खरखर दोघींवर सारखीच पडते आणि निष्प्रभ होते. या व्यवस्थेला कंट्रोलर एरिया नेटवर्क म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून जगभरचे मिस्त्री तिला ‘कॅन’ म्हणतात.

हे सारे त्यांना गाड्यांतले दोष वाचणारे स्कॅनर विकणाऱ्या नागपूरच्या एकाने भरवलेल्या वर्गात कळले. शिकवणारा तरुण होता आणि घाईत होता. निरनिराळ्या देशांच्या गाडी कंपन्या आणि सुटे भाग बनवणारे वर्षानुवर्षे एकत्र बसतात, कोणत्या तारेवर विजेचा किती दाब असेल, कोणत्या आकड्याचा कोणता अर्थ लावायचा हे ठरवतात, आणि मग एका कंपनीचा सेन्सर दुसऱ्या कंपनीच्या संगणकाशी बोलू शकतो, असे त्याने सांगितले. दोन संगणक एकाच क्षणी बोलू लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान त्याला आधी वाट मिळते, दुसरा आपण होऊन थांबतो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, “आमच्याकडं त मोठ्या नंबरवाल्याचंच चालते, सर.” वर्ग हसला. सुखदेव मिस्त्रींनी लहान क्रमांकाचा तो नियम घरी येऊन सांगितला, तेव्हा मंगलाबाई म्हणाल्या की मग या घरात करुणाच आधी बोलणार, शेंडेफळ तीच आहे.

करुणा ही त्यांची धाकटी मुलगी. ती पुण्यात एका छोट्या कंपनीत गाड्यांच्या संगणकांचे प्रोग्रॅम तपासते. ऑटोसार नावाचा जो कंपन्यांचा भागीदारी मंच आहे, त्याच्या नियमांप्रमाणे प्रोग्रॅम लिहिला गेला की नाही हे पाहणे तिचे काम. बापलेकीचा व्यवसाय एकच आहे असे मंगलाबाई शेजारी सांगतात. दोघांनीही ते कधी खोडले नाही, मानलेही नाही. तिच्याकडे नियमांची हजारो पाने होती; त्यांच्याकडे एक जुना स्कॅनर, एक मल्टीमीटर आणि मिस्त्रींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारे सर्किटचे धूसर फोटो. मूळ मानके विकत घ्यावी लागतात, गाडीचे सर्किट कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेर मिळत नाही. निम्म्या गाड्यांत ते अंदाजाने हात घालत आणि संध्याकाळी मान आखडलेली असे. पन्नाशी उलटल्यावर धंदा पुन्हा पहिलीपासून शिकावा लागणे ही गोष्ट अवघड होती, त्याहून ती कंटाळवाणी होती.

२०२४च्या डिसेंबरात, आंबिया बहाराची संत्री संपत आली असताना, मनोहर नावाचा ड्रायव्हर त्यांच्याकडे एक ट्रक घेऊन आला. मनोहर रामाकोन्याचा. ट्रक पांढुर्ण्याचे संत्र्यांचे व्यापारी दत्तात्रय सेठ यांचा. बऱ्याच हंगामांपासून तो त्यांच्याच गाडीवर होता. डॅशबोर्डवर युरियाचा दिवा लागला होता आणि गाडी चढावर उठत नव्हती.

युरिया हा ड्रायव्हरांचा शब्द. नव्या डिझेल ट्रकांत धुरातला विषारी भाग मारण्यासाठी एक पाण्यासारखे द्रव फवारावे लागते. त्याची टाकी वेगळी, झाकण निळे. द्रव संपले किंवा निकृष्ट निघाले की गाडीचा संगणक इंजिनाची ताकद कापतो. हे द्रव प्लास्टिकच्या कॅनमध्ये मिळते. असा एखादा कॅन सीटमागे ठेवल्याशिवाय कोणी ड्रायव्हर निघत नाही. काही ड्रायव्हर कॅन बाहेर विकून टाकीत पाणी भरतात, अशी बोलवा त्या हंगामात पांढुर्ण्याच्या संत्रा बाजारात होती. किती भरतात, कोण भरतात, याचा पुरावा कोणी दिलेला नाही.

सुखदेव मिस्त्रींनी स्कॅनर लावला. टाकीतल्या सेन्सरचा संदेश अधूनमधून तुटत होता. संगणकाला त्या सेन्सरचे ऐकू येईनासे झाले की तो वाईटच धरून चालतो आणि ताकद कापतो. त्यांनी मल्टीमीटर लावला. दोन्ही तारांमध्ये साठ ओहम यायला हवेत तिथे आकडा ठरत नव्हता. म्हणजे दोष तारांत होता. पण नेमका कुठे, ते चेसिसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधावे लागणार होते, आणि त्याआधी दारात आणखी तीन गाड्या उभ्या होत्या. ते दुसऱ्या गाडीखाली पाठीवर पडलेले असताना फोन वाजला. दत्तात्रय सेठ होते. फोन खांद्याने कानाशी दाबून मिस्त्री म्हणाले, “सेठ, कॅनमध्ये फॉल्ट आहे. टाइम लागन.”

मग सेठने विचारले, “पक्कं?”

“पक्कं.”

फोन बंद झाला. तास-दीड तासाने सेठचा मुलगा गौरव मोटारसायकलवर एका माणसाला मागे बसवून आला, मनोहरकडून चावी घेतली आणि काम अर्धवट सोडून ट्रक घेऊन गेला. गाडीची घाई असेल असे मिस्त्रींना वाटले. मनोहर रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभा होता, मग बसस्टँडच्या दिशेने चालत गेला. त्यांनी त्याला हाक मारली नाही. हात कामात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहर दुकानात आला. बसला नाही.

“सुखदेवभाऊ, तुम्ही माह्याबद्दल सेठले काय सांगतलं?”

“तुह्याबद्दल? काहीच नाई.”

“कॅनमंदी घोळ आहे म्हणून सांगतलं ना? मी युरिया विकला आन् पाणी भरलं म्हणून गाडीवरून काढून टाकलं मले. गौरव सगळ्यायले सांगून राहिला.”

सुखदेव मिस्त्रींना समजायला वेळ लागला. मग समजले, आणि समजल्यावर ते स्टुलावर बसले. दोन तारांचे नाव आणि डब्याचे नाव एकच होते, आणि गाडी नेमकी युरियाचा दिवा लावून उभी होती.

सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारात ड्रायव्हरला कागद देऊन काढत नाहीत. ‘तो कॅन विकते’ एवढे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले की पुरते. मग हंगामात कोणी चावी देत नाही, हंगामानंतर तर नाहीच. मनोहरला हे ठाऊक होते, म्हणूनच तो रात्र काढून सकाळी आधी इथे आला होता. मिस्त्रींनी त्याला सांगितले की दोष तारांचा आहे, मी सेठशी बोलतो. मनोहर म्हणाला, “बोला. पण आता तुमचं ऐकन काय थो?” आणि गेला.

त्या संपूर्ण बोलण्यात मनोहरने आपण पाणी भरले नाही असे एकदाही म्हटले नव्हते. हे सुखदेव मिस्त्रींच्या नंतर, पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आले. निरपराध माणसाला ते म्हणायची गरज वाटली नसेल, हेही तितकेच शक्य होते.

पांढुर्ण्याला दत्तात्रय सेठ आपल्या गोदामात संत्र्यांच्या क्रेट भरून घेत होते. त्यांनी मिस्त्रींना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सगळे ऐकून घेतले. दोन तारा, त्यांचा पीळ, त्यांचे नाव कॅन. जितके समजावून सांगावे तितके ते रचलेले वाटत होते, आणि बोलता बोलता मिस्त्रींनाही ते तसेच ऐकू येऊ लागले.

“वायरचं नाव डब्बा कोण ठेवते, मिस्त्री?” सेठ म्हणाले. चढ्या आवाजात नाही, खरोखर विचारल्यासारखे.

“डब्बा नाई, सेठ. ते इंग्रजीतलं आहे. नेटवर्कचं नाव आहे.”

“काल तुम्हीच पक्कं म्हटलं. आज मनोहर तुमच्याकडं जाऊन आला आन् आज नेटवर्क झालं.” सेठने चहाचा कप पुढे सरकवला. “तुम्ही लोक एकमेकायचं झाकता, थे मी समजतो. माणूस आपल्यावाल्याचं पाहतेच.”

‘तुम्ही लोक’ म्हणजे कोण, हे सेठने उलगडले नाही. ते न उलगडताही पोहोचले. सुखदेव मिस्त्रींनी चहा घेतला, कारण न घेण्याचा अर्थही लावला गेला असता. सेठकडे आणखी एक मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता. गौरवने कालच टाकीतले सगळे द्रव गोदामामागच्या नालीत ओतून टाकले होते आणि सीलबंद कॅन फोडून नवे भरले होते. दिवा गेला होता. गाडी रात्री नागपूरला माल टाकून परतही आली होती.

मिस्त्रींकडे ते द्रव तपासायचे उपकरण नव्हते, आणि असते तरी तपासायला द्रवच उरले नव्हते. ते उठले. बसमध्ये त्यांच्या मनात प्रथमच शंका आली की सेठचे म्हणणे खरे असेल. तारांतला दोष आपण पाहिला होता. पण टाकीत काय होते ते आपणही पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी करुणाला फोन केला. तिने शांतपणे ऐकले. तिच्या कार्यालयात नियमांच्या प्रत्येक दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच शब्दांचे अर्थ दिलेले असतात, एकेका शब्दावर निरनिराळ्या कंपन्यांची माणसे महिनोन्‌महिने वाद घालतात, असे ती म्हणाली. ती स्वतः त्या बैठकांना कधी गेलेली नव्हती. ठरलेले तिच्यापर्यंत येते. त्यांनी विचारले की त्या अर्थांत डब्बा आहे का. ती हसली. सेठना दाखवायला एखादे पान पाठवू का, असे तिने विचारले. ते नको म्हणाले. इंग्रजीतले पान नेले असते तर पोरीलाही यात ओढले एवढेच सेठने म्हटले असते.

फोन ठेवण्याआधी तिने एक गोष्ट सांगितली. “बाबा, दिवा गेला म्हणून काही सिद्ध होत नाही. पीळ सुटलेल्या, जोड दिलेल्या तारा चालतात. कधी कधी चालतात, हाच त्यांचा त्रास आहे. गाडी भरून चढावर जाऊ दे.”

गाडी भरून चढावर गेलीच, कोणाला मुद्दाम पाठवावी लागली नाही. नवीन ड्रायव्हर आणि गौरव छिंदवाड्याचा माल घेऊन निघाले होते. रामाकोन्याच्या पुढच्या चढावर युरियाचा दिवा लागला आणि भरलेला ट्रक बैलगाडीच्या चालीने सरकू लागला. टाकीत सीलबंद कॅनचे द्रव होते आणि ते गौरवनेच भरले होते. चोर म्हणायला गाडीत कोणी उरले नव्हते. त्याने ट्रक वळवला आणि सौंसरला सुखदेव मिस्त्रींच्या दारात आणून उभा केला. मग म्हणाला, “काका, पाहा जरा.”

मिस्त्रींनी गोणपाट अंथरले. मल्टीमीटर त्यांनी गौरवच्या हातात दिला आणि आकड्यावर लक्ष ठेवायला सांगितले. ते स्वतः चेसिसखाली शिरून तारांचा जुडगा हाताने चाचपत पुढे सरकत गेले. टाकीच्या मागे, चिखल उडतो त्या जागी हात पोहोचला तेव्हा गौरव म्हणाला, “हललं. साठवरून कुठच्या कुठं गेलं.” त्यांनी जुडगा सोडला, आकडा परत आला. पुन्हा दाबला, पुन्हा गेला. टेप सोलली. आत दोन्ही तारा कोणीतरी कधीतरी कापून पुन्हा जोडल्या होत्या, आणि जोडताना त्यांचा पीळ पूर्ण उकलून, एकमेकींपासून दूर, सरळ, समांतर नेल्या होत्या. काम नीटनेटके होते. जुन्या शिस्तीचे होते. जोडावर गळलेल्या द्रवाची पांढरी खपली धरली होती.

गौरवही वाकून आत आला. त्याने त्या दोन तारा पाहिल्या, फोन काढला आणि वडिलांना सांगितले, “बाबा, डब्बा नाही. तारा आहेत. मी स्वतः पाह्यलं.”

जे सुखदेव मिस्त्रींना चहाच्या कपासमोर सांगता आले नव्हते ते एवढ्या शब्दांत सांगून झाले. त्यांना त्याचा आनंद झाला नाही. शब्द तेच होते, फक्त बोलणारा घरचा होता. त्यांनी जोड कापला, तारा नव्या घातल्या, पीळ दिला, आणि पीळ देताना बोटे दुखली म्हणून मध्ये थांबले.

दत्तात्रय सेठचा निरोप दुसऱ्या दिवशी आला, तोही फोनवरच. मनोहरले सांगा, चावी घेऊन जा म्हणा. चूक झाली असे त्यांनी म्हटले नाही; त्यांच्या आवाजावरून वाटले असे मिस्त्री म्हणतात, पण आवाजाची साक्ष धरता येत नाही. मनोहरला तो निरोप फोनवर देता आला असता. तरी मिस्त्री बसने रामाकोन्याला गेले. मनोहर एका बगिच्यात रोजीने संत्री निवडत होता. मोठी एकीकडे, बारीक दुसरीकडे, डागी तिसऱ्या ढिगात.

“जय भीम, मनोहर. सेठनं बोलावलं.”

“जय भीम. कायले? चोर सापडला काय?”

“तारा सापडल्या.”

मनोहरने हातातले संत्रे फिरवून पाहिले आणि डाग्यांत टाकले. “मंग तुम्ही त्या दिवशी डब्बा कायले म्हटलं, भाऊ?”

“मी डब्बा नाई म्हटलं. कॅन म्हटलं.”

“एकच त झालं.”

त्याचे बरोबर होते. रामाकोन्यात, सौंसरात, पांढुर्ण्यात ते एकच होते. सुखदेव मिस्त्री ढिगाशेजारी बसले आणि थोडा वेळ त्याच्याबरोबर संत्री निवडत राहिले. टाकीत काय भरलं होतंस, हा प्रश्न त्यांच्या तोंडाशी आला होता. विचारला असता तर आपणही सेठच्याच बाजूला जाऊन उभे राहिलो असतो, असे त्यांना वाटले. त्यांनी तो विचारला नाही.

मनोहर परत गाडीवर गेला. पण आता युरियाचा कॅन त्याच्या सीटमागे नसतो. तो गोदामात कुलपात असतो, आणि टाकी गौरवसमोर भरली जाते. बाजारात ‘तो कॅन विकते’ म्हणणाऱ्यांपैकी काहींपर्यंत तारांची गोष्ट पोहोचली, काहींपर्यंत नाही. सुखदेव मिस्त्री गिऱ्हाइकाशी बोलताना तो शब्द वापरत नाहीत; दोन तारांची लाइन खराब आहे, असे सांगतात. त्यामुळे बोलणे लांबते, आणि लांब बोलायचा त्यांना कंटाळा आहे.

तारा सदोष होत्या, एवढे पक्के. त्या आधी कोणी कापल्या आणि पीळ मोडून जोडल्या, हे कळलेले नाही. ती टेप सौंसरच्या सगळ्याच दुकानांत मिळते. ट्रक आपल्याकडे पूर्वी कधी आला होता का, हे सुखदेव मिस्त्रींना नक्की आठवत नाही. गौरवने नालीत ओतलेले द्रव शुद्ध होते की त्यात पाणी होते, हे कोणी तपासले नाही आणि आता कोणाला तपासता येणार नाही. मनोहर त्याबद्दल काही सांगत नाही. त्याला अजून कोणी विचारलेलेही नाही.